डबा परत का येतो?

मित्रांनो, फौंड्रीची पाळी संपवून थेट इथं आलात, म्हणून थोडक्यात बोलतो.

माझा भाचा पहिलीत आहे. दोन आठवडे त्याचा डबा भरलेलाच परत येत होता. एका रात्री त्यानं विचारलं, "मामू, मी पाकिस्तानी आहे का?" डबा उघडला की दोन पोरं तसं चिडवून लांब जाऊन बसायची.

'ठेवून दे दोन', मी म्हणालो. चुकलं माझं. आपा म्हणाली, 'लक्ष देऊ नकोस.' दोन्हींतून पोराला एवढंच कळलं, की हे त्याचं त्यानंच निस्तरायचंय.

मग आम्ही खेळ मांडला. मी चिडवणारा. त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "असं बोलू नकोस," उठायचं, बाईंना सांगायचं. सांगणं म्हणजे चुगली नव्हे, हे पटायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी चिडवणारा तो झाला आणि गल्लीतल्या तोतऱ्या पोराची नक्कल केली. हुबेहूब! म्हणजे सराव होता. त्या रात्री बोलणं लांबलं.

आमच्या कामात बगची नोंद ठेवतात, तशी वही मी बाईंना दाखवली : तारीख, जागा, शब्द. 'पोरं आहेत, चालायचंच' तिथं टिकलं नाही. तक्रारपेटी असते, पण पहिलीतलं पोर चिठ्ठी काय लिहिणार? शाळेनं ऐकलंच नाही तर १०९८ आहे. चोवीस तास, मोफत.

आता डबा रिकामा येतो. तोतरं पोर संध्याकाळी आमच्यात क्रिकेटला असतं. भाचा अजून मधूनच घसरतो, मग बॅटिंग जाते.