फवारणीची सुरक्षा : फोनवरील पाठाची घडण
(निमोणे, तालुका शिरूर येथे शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



कामाच्या जागी सुरक्षित कसे राहावे हे शिकविणारा पाठ फोनवर कसा रचावा, या विषयावर मी आपणांपुढे बोलावे असे ठरले आहे. विषय ऐकून काहींच्या मनात आले असेल की, हा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीचा प्रश्न. प्राथमिक शिक्षकाचा त्याच्याशी काय संबंध? परंतु आपल्या पंचक्रोशीतील सर्वांत मोठा कारखाना उघड्या आभाळाखाली आहे. ऊस, कांदा व डाळिंब यांच्या शेतांत आपल्या विद्यार्थ्यांचे आईबाप रोज कामास जातात. तेथे दाराशी पहारेकरी नाही, सुरक्षा-अधिकारी नाही, सूचनाफलकही नाही. म्हणून मी आज फवारणीच्या पाठापुरतेच बोलणार आहे.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याबरोबर वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. शिवाय दोनतीन औषधे एकत्र कालवून मारण्यात येत होती. त्याआधी २०१३ साली बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेतील दुपारच्या जेवणातून मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुले दगावली. विष खाद्यतेलात आढळले. शेतातील डबा स्वयंपाकघरापर्यंत येऊ शकतो, तेव्हा हा विषय शाळेच्या उंबऱ्याबाहेरचा मानता येत नाही.

आता माझ्या फसलेल्या पाठाविषयी. काही वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने एक पाठ तयार केला. बत्तीस पडदे, प्रत्येकावर एक नियम, शेवटी दहा प्रश्न आणि उत्तीर्ण होणारास नाव घातलेले प्रमाणपत्र. पालकांच्या फोनवर तो पाठविला. जवळजवळ सर्वांस पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि मी समाधान पावलो. आठवड्याने एका बांधावरून जात असता, त्यांतीलच एक गृहस्थ कांद्यावर औषध मारीत होते. नोझल तुंबले. त्यांनी ते सोडविले, तोंडास लावले आणि फुंकले. माझ्या पाठातील सातवा प्रश्न होता, “तुंबलेले नोझल तोंडाने फुंकावे काय?” त्याचे उत्तर त्यांनी “नाही” असेच दिले होते! मी ते बोलून दाखविले तेव्हा ते हसून म्हणाले, “गुरुजी, तुम्ही विचारलं ते बरोबरच आहे. पण इथं दुसरं काय करू, ते तुम्ही कुठं विचारलंत?”

या एका वाक्याने मला माझी चूक दाखविली. योग्य काय हे त्यांना आधीच ठाऊक होते. पंपात अर्धे औषध शिल्लक, ऊन चढलेले, वारा सुटू लागलेला, घर लांब आणि खिशात काही नाही, अशा वेळी काय करावे हे मी शिकविलेच नव्हते. ज्या पाठातील बरोबर उत्तर शेतात अमलात आणणे शक्यच नाही, तो पाठ माणसास खोटे उत्तर देण्यास शिकवितो. आपणही ऑनलाइन प्रशिक्षणे पुरी करताना कधीकधी नुसते ‘पुढे’ हे बटण दाबीत गेलो आहोत. (येथे हसू उमटले, तेव्हा अधिक बोलत नाही.)

दुसऱ्या खेपेस मी पाठ लिहिण्यापूर्वी चार दिवस फवारणी पाहिली. मग प्रश्न असा झाला : नोझल तुंबले आहे, पंप अर्धा भरलेला आहे, तुम्ही फुंकाल, घरी जाल, की काडीने टोकराल? तिन्ही पर्याय खऱ्या माणसाच्या मनात येणारे असल्यामुळे वाचणारा थबकतो. फुंकले तर लाल फुली येत नाही. गोष्ट पुढे सरकते. तासाभराने डोके दुखते, घाम फुटतो, लाळ गळते, दिसणे अंधुक होते. आता पुढचा निर्णय : अंगावरचे कपडे काढून साबणपाण्याने अंग धुवावे, की आधी झाडाखाली पडावे? दवाखान्यात जाताना औषधाची बाटली वा तिचे माहितीपत्रक बरोबर न्यावे, की नाही? उतारा कोणता ते त्याच कागदावर छापलेले असते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. काडीने टोकरले तर नोझलचे भोक बिघडते. चौथा मार्ग एका शेतकऱ्यानेच सुचविला. घरून निघतानाच एक जादा नोझल आणि दातांचा जुना ब्रश पिशवीत टाकावा. तेव्हापासून माझा पाठ शेतात न उघडता आदल्या रात्री घरातच उघडतो.

बाटलीवरील खुणेसंबंधी थोडे अधिक सांगतो, कारण तेथे दोष आपल्या शिकविण्याचाही आहे. टोकावर उभ्या चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटी हिरवा. वाहतुकीच्या दिव्यांचा धडा आपण इतका पक्का करवून घेतला आहे की, हिरवा म्हणजे ‘खुशाल जा’ असेच मुले घरी सांगतात. हिरव्या खुणेची वस्तूही विषच आहे. भाषाही आपणांस फसविते. आपण त्यास ‘औषध’ म्हणतो. पाठात तोच शब्द ठेवावा, कारण दुसरा कोणी बोलत नाही. परंतु चित्रात ते भांड्याकुंड्यांपासून दूर, कुलपात ठेवलेले दाखवावे. बिबट्यापासून कसे जपावे हे आपल्या मुलांना फार सांगावे लागत नाही. बिबट्याला दात आहेत. बाटलीला ते दिसत नाहीत.

रचनेची सोय फार कठीण नाही. गूगल फॉर्ममध्ये उत्तराप्रमाणे निरनिराळ्या विभागांकडे नेता येते; प्रारंभी तेवढे पुरे. मात्र शिवारात रेंज नसते आणि घरात फोन एकच असतो. म्हणून प्रत्येक प्रसंगाची पाच मिनिटांहून लहान ध्वनिचित्रफीतही करावी, म्हणजे ती शाळेत उतरवून घेऊन घरी रेंजवाचून पाहता येईल. वाचता न येणाऱ्यांसाठी आवाज गावातल्याच एखाद्या मावशींचा घ्यावा. माझ्या पुस्तकी उच्चारांवर कोणी विश्वास ठेवला नाही. मुलाने बापाशेजारी बसून पाठ चालवावा, पण पंपाला हात लावू नये. आणि मजुराने पाठ पुरा केला म्हणजे मालकाची हातमोजे देण्याची जबाबदारी संपली, असा अर्थ कोणी काढू नये; यासाठी मी प्रमाणपत्र काढूनच टाकले आहे.

नवा पाठ मी खुरपणीस जाणाऱ्या काही बायकांना दाखविला. त्या फवारणी करीत नाहीत, म्हणून त्यांचा विचार मी केलाच नव्हता. त्यांतील एकीने विचारले, “काल औषध मारलेल्या वावरात आम्ही आज हातानं तण काढतो. दुपारी तिथंच भाकरी खातो. बांधावर पाणी प्यायलाच पुरत नाही. मग हात कशानं धुवायचे?” त्या प्रसंगाचा पडदा मी अद्याप केलेला नाही. त्याला कोणते पर्याय द्यावेत, हे मी आज आपणांस विचारण्यासाठी येथे आलो आहे.