फोटोमागचा आवाज

(वेलचेरी येथे गणेशोत्सवात केलेले भाषण)



तंजावरचे शेवटचे मराठी राजे, दुसरे शिवाजी, १८५५ साली वारले. पुढे १८५८ मध्ये लिनियस ट्राइप या छायाचित्रकाराने बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरचे शिलालेख टिपले. २१ छायाचित्रे जोडून सुमारे १९ फुटांची पट्टी केली. दगडावरचे असे जपता येते. बोली आणि रीती मात्र माणसाबरोबर जातात.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी घ्या. ठाकर कलावंत एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगतात. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्राचा फोटो घरी आणता येतो. पण गाणारा गेला की चित्र मुके होते.

तंजावरी मराठी बोलणारी घरे चेन्नईत आजही आहेत. म्हणून मी आता फोटोबरोबर मोबाईलवर आवाजही घेतो. नाव, गाव, तारीख लिहून ठेवतो. यंदा गौरीपूजेचा फोटो काढाल तेव्हा आजींकडून ती रीत त्यांच्याच बोलीत वदवून घ्या. नातवंडांना चेहरा दिसेल आणि शब्दही ऐकू येतील.

गणपती बाप्पा मोरया!