हादग्याची खिरापत आणि बालवर्ग

सूर्याने हस्त नक्षत्रात प्रवेश केला, पाटावर हत्ती रेखाटला गेला, की कोल्हापुरात हादगा सुरू होतो. मंगळवार पेठेतील बालवर्गास याहून सोपे शिक्षणसाधन शोधावे लागणार नाही. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, सोळाव्या दिवशी सोळा; ही चढती संख्या चार वर्षांचे मूल फेर धरता धरताच ओळखू लागते. झाकलेला डबा हलवून, हुंगून खिरापत ओळखताना त्याचे कान व नाक दोन्ही कामास लागतात. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरातील वस्तूच हाती घेतल्या, त्या याच जाणिवेने.

मात्र पालकांनी एक पथ्य पाळावे. खिरापत ही चढाओढ नव्हे. एका घरून बासुंदी आली, की दुसऱ्या घरची आई फुटाणे पाठविण्यास संकोचते, आणि तिचे मूल त्या दिवशी घरीच राहते. वस्तुतः ओळखण्याच्या खेळात फुटाण्यांचीच मौज अधिक. ते डब्यात वाजतात!

दिवाळीच्या किल्ल्याचेही असेच आहे. वडिलांनी रेखीव बुरूज बांधून दिला, तर मूल नुसते पाहत उभे राहते. त्यांनी माती आणून द्यावी, पाणी घालावे आणि जवळ बसावे. बुरूज वाकडा झाला तरी तो मुलाच्या हातचा असू द्यावा.