घाट चढताना निघणारा काळा धूर



मी सस्यशास्त्राचा अध्यापक. इंजिन हा काही माझा विषय नव्हे. तरी आज धुरावर बोलायला उभा आहे, कारण त्या धुराने माझ्या घरच्या ४० पेट्या आंब्याचे नुकसान केले.

धाकट्या भावाची जुनी डिझेल पिकअप. एप्रिलचे दिवस. लांज्याहून साखरप्यामार्गे आंबा घाटाने कोल्हापूरला माल न्यायचा, पहाटेचे सौदे गाठायचे. घाट लागला तसा गाडीने मागे काळ्या धुराचे लोट सोडायला सुरुवात केली. आम्ही म्हणालो, चढ आहे, डिझेलची गाडी आहे, धूर यायचाच. माथा अर्ध्या वळणावर असताना पाण्याचा काटा लाल खुणेवर गेला आणि गाडी उभी राहिली. दुसरी गाडी मिळून पेट्या हलवेपर्यंत सौदे आटोपले होते. उन्हात तापलेला तयार आंबा मिळेल त्या भावाने द्यावा लागला.

‘चढावर धूर यायचाच’ ही आमची समजूत चुकीची होती. गाडी जोर घेताना क्षणभर दिसणारा पुसट धूर वेगळा आणि चढ संपेपर्यंत न थांबणारा काळाकुट्ट धूर वेगळा. काळा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची काजळी. १ लिटर डिझेल जाळायला सुमारे १२ किलो, म्हणजे जवळजवळ १० हजार लिटर हवा लागते. स्वच्छ ज्वलनासाठी इंजिनाला याहूनही जास्त हवा हवी असते. चढावर आपण पाय दाबतो, डिझेल वाढते. हवा मात्र त्या प्रमाणात मिळाली नाही, तर वरचे डिझेल ताकद देत नाही. ते काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि इंजिन तापवते.

कोणी सांगतात, घाटावर हवा विरळ होते म्हणून धूर येतो. हे खरे, पण किती? उंची १०० मीटर वाढली की हवेची घनता साधारण १ टक्का कमी होते. कोकणातून देशावर येणारे आपले बहुतेक घाट ६००-७०० मीटर उंचीचे. म्हणजे घट ६-७ टक्के. लडाखमध्ये ५,००० मीटरच्या पुढच्या खिंडीत हवा जवळजवळ निम्मी होते, तिथे हे कारण लागू पडते. आपल्याकडे दोष बहुधा गाडीत, भारात किंवा गिअरमध्ये असतो.

आमच्या गाडीत तो एअर फिल्टरमध्ये निघाला. महिनाभर तीच गाडी जांभा चिऱ्यांच्या खाणीवर चालली होती. फिल्टरचा कागद लाल धुळीने लिंपल्यासारखा झाला होता. तुमच्या ट्रॅक्टरचेही असेच होते. मार्च-एप्रिलमध्ये रोटाव्हेटरमागे धूळ खायची आणि मग तोच ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली घेऊन चढाला लावायचा. तेलाच्या एअर क्लिनरची वाटी धुळीच्या दिवसांत रोज उघडून पाहावी. तेल गढूळ होऊन तळाशी गाळ बसला असेल, तर वाटी धुऊन नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. कागदी फिल्टर धुऊ नये. हवा मारायची ती आतून बाहेर, हलक्या दाबाने. काढून टाकून इंजिन चालवणे तर नकोच. धूळ थेट लायनर आणि रिंगा खाते.

फिल्टर साफ असूनही धूर राहिला, तर नोझल तपासून घ्यावेत. नोझलने तुषार उडवायचे सोडून थेंब गाळले, की डिझेल हवेत नीट मिसळत नाही.

गिअरबाबत आपली एक वाईट सवय आहे. गाडी गुदमरायला लागेपर्यंत आपण वरचा गिअर सोडत नाही. फेरे पडले की ज्वलन बिघडते, टर्बो असेल तर तोही पुरेशी हवा देत नाही आणि आपण पाय आणखी दाबतो. चढाच्या पायथ्याशीच खालचा गिअर घ्यावा. काळा धूर दिसला की पाय थोडा उचलावा. बहुतेक वेळा गाडीचा वेग तेवढाच राहतो, हे करून पाहा. भार आर. सी. पुस्तकात लिहिला आहे तेवढाच.

आम्हाला एका मिस्त्रीने ‘पंप वाढवून देतो, घाट हसत चढेल’ असे सांगितले होते. पंप वाढवणे म्हणजे डिझेल वाढवणे. हवा तेवढीच राहते! नशीब, भावाने ऐकले नाही. नवा फिल्टर बसवल्यावर त्याच घाटात तो धूर दिसला नाही.

धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील पाहावे लागतील. गरम इंजिनातून पांढरा धूर सतत येत असेल आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी आणि गाडी पुढे रेटू नये.

एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बी. एस. ६ गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. अशा गाडीतून काळा धूर दिसणे हाच बिघाड समजावा. गाळणी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये.

ट्रॉलीत मागे बसणाऱ्या बायामाणसांना हा धूर थेट नाकात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे. माणसे ट्रॉलीत बसवून घाट चढणे तसेही धोक्याचे.

माथ्यावर पोचलात की इंजिन लगेच बंद करू नका. दोन-तीन मिनिटे तसेच चालू ठेवा, टर्बो आणि हेड निवू द्या. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका. त्या दिवशी भावाने घाई केली, त्याच्या मनगटावर भाजल्याचा डाग अजून आहे.