राजकारणाची बातमी आणि आपण

(छत्रपती संभाजीनगर येथे वस्ती पातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'प्रसारमाध्यमं आणि स्त्रिया' असा विषय छापला आहे. हा विषय निघाला की आपण जाहिरातींवर बोलतो, मालिकांमधल्या सासू-सुनांवर बोलतो. ते बोलायलाच हवं. पण आज मी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाबद्दल बोलणार आहे.

राजकारणाची बातमी आपल्यापैकी किती जणी पूर्ण वाचतात? 'ते चालायचंच' म्हणून आपण पान उलटतो आणि आपल्या मोर्चाची चार ओळींची बातमी आतल्या पानावर शोधतो. आपल्या नळाला पाणी कधी येणार, रेशन किती मिळणार, अंगणवाडी चालू राहणार की नाही, हे सगळं ठरवणाऱ्यांच्या बातम्या त्या पहिल्या पानावर असतात. पण ते कसं ठरलं हे मात्र तिथं क्वचितच लिहिलेलं असतं. म्हणून ते पान वाचायचं, आणि संशयानं वाचायचं.

उदाहरण आपल्याच शहराचं घेऊ. २०२२ सालचा उन्हाळा आठवा. तेव्हा शहराचं अधिकृत नाव औरंगाबाद होतं. १ मेला मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर राज ठाकरे यांची सभा झाली. विषय मशिदींवरचे भोंगे. २३ मेला देवेंद्र फडणवीस यांच्या नेतृत्वाखाली भाजपनं पाण्यासाठी 'जल आक्रोश मोर्चा' काढला. ८ जूनला त्याच मैदानावर तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांची सभा झाली. पुढे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शिवसेना फुटली, आमदार सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले. २९ जूनला मंत्रिमंडळानं शहराचं नाव 'संभाजीनगर' करायचं ठरवलं आणि त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. १६ जुलैला नव्या सरकारनं 'छत्रपती' हा शब्द जोडून तोच निर्णय पुन्हा घेतला. केंद्राची मान्यता आली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये.

म्हणजे अडीच महिने आपलं शहर राज्याच्या बातम्यांत गाजत होतं. त्यात आपण काय वाचलं? मैदान भरणार की नाही. कुणाच्या सभेला जास्त गर्दी. कोण कुणाला काय म्हणालं आणि त्यानं काय उत्तर दिलं. नंतर गुवाहाटीच्या हॉटेलातली झाडी आणि डोंगर.

आणि त्याच उन्हाळ्यात आपल्या वस्त्यांत पाणी आठवड्यातून एकदा येत होतं, काही ठिकाणी त्याहून उशिरा. रात्री दोनला नळ सुटला तर उठायचं कुणी, भरायचं कुणी, दुसऱ्या दिवशी कामावर खाडा कुणाचा, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पाण्याची बातमी छापतच नव्हते असं मी म्हणत नाही. छापत होते, पण शहराच्या पानावर. मोर्चाच्या निमित्तानं ती पहिल्या पानावर गेली आणि तिथं गेल्यावर ती पाण्याची उरली नाही. ती फडणवीस विरुद्ध ठाकरे अशी झाली. रिकामे हंडे घेतलेल्या बायकांचे फोटो आले. मी पाहिलेल्या फोटोंखाली त्या बायकांची नावं नव्हती. नाव नेत्याचं होतं.

खरी बातमी काय होती बघा. पैठणचा नाथसागर इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे. धरण भरलं तरी आपला नळ कोरडा, कारण पाणी आणणारी व्यवस्था जुनी आणि अपुरी. तिच्यासाठी समांतर जलवाहिनीची योजना आली. २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा एका खाजगी कंपनीच्या हाती दिला, २०१६ मध्ये महापालिकेनं तो करार रद्द केला. मग १६८० कोटींची नवी योजना आली, तिचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं आणि पुढे तिचा खर्च २७०० कोटींच्या वर गेला. या काळात बरीच वर्षं शिवसेना आणि भाजप महापालिकेत एकत्र सत्तेवर होते. २०२२ मध्ये तेच दोघं पाण्यावरून समोरासमोर उभे राहिले. एकाचा आरोप छापला, दुसऱ्याचा प्रत्यारोप छापला, आणि बातमी 'दोन्ही बाजूंची' झाली. पण दोघांना मिळून जो प्रश्न विचारायचा होता तो या दोन्ही बाजूंत बसतच नव्हता. आपण तिसरी बाजू आहोत, हे त्या बातमीच्या हिशेबातच नव्हतं.

नावाबद्दल आपल्यात एकमत नाही. या सभागृहात हिंदू, बौद्ध, मुस्लिम अशा सगळ्या बहिणी बसल्या आहेत. नावासाठी माणसं काय सोसतात हे मराठवाड्याला ठाऊक आहे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै १९७८ चा आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत दलित वस्त्यांनी काय भोगलं ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा नाव ही क्षुल्लक गोष्ट आहे असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणते की शहराच्या नावाची बातमी केव्हा केव्हा येते, त्या तारखा शेजारी शेजारी मांडा. १९८८ मध्ये महापालिकेची निवडणूक झाल्यावर बाळासाहेब ठाकरे यांनी ती घोषणा केली. १९९५ मध्ये राज्यात युतीचं सरकार आल्यावर महापालिकेचा ठराव झाला. २०२२ मध्ये सरकार पडण्याच्या दिवशी निर्णय झाला. पाण्याचा प्रश्न रोजचा, नावाचा प्रश्न मुहूर्ताचा. मुहूर्ताला बातमी होते, रोजच्याला होत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा न्यायालयातला वाद, शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. साडेपाच वर्षांहून जास्त काळ इथं प्रशासक होता. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा २०११ पासून बायकांसाठी राखीव आहेत. म्हणजे एवढी वर्षं निम्म्या बायका असलेलं सभागृह भरलंच नाही. जिच्या दारात हंडे घेऊन जावं अशी नगरसेविका नव्हती. यावर कुठं कुठं लिहून आलं, पण ते 'इच्छुकांचा हिरमोड' या अंगानं. इच्छुक म्हणजे कोण? बहुतेक पुरुष. आणि वॉर्ड राखीव झाला की बातमीत 'अमुक यांच्या पत्नी मैदानात'. तिचं नाव दुसऱ्या परिच्छेदात, तेही आलं तर.

आता बायकांना बातमीत नाव कसं मिळतं ते बघू. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. महिन्याला १५०० रुपये. वय २१ ते ६५. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत. त्या पैशाला मी नावं ठेवणार नाही. आपल्या वस्तीत त्यातून औषधं आली, पोरांच्या फिया भरल्या गेल्या, सावकाराचं व्याज गेलं. पहिल्यांदा स्वतःच्या नावानं खातं उघडलेल्या बायका आपल्यात आहेत. पण 'ओवाळणी', 'भाऊबीज' हे शब्द राज्यकर्त्यांच्या भाषणातून उचलून जसेच्या तसे मथळ्यात कसे गेले? पैसा सरकारी तिजोरीतला. त्या तिजोरीत साबण, कपडा विकत घेताना आपणही कर भरतो. हक्काच्या पैशाला ओवाळणी म्हटलं की हिशेब विचारता येत नाही. ओवाळणीचा हिशेब कोणती बहीण मागते?

हे आपल्याकडेच होतं असं नाही. ब्रिटनमध्ये मे १९९७ च्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या १०१ बायका खासदार झाल्या. तोवर तिथं एवढ्या कधीच निवडून आल्या नव्हत्या. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्याबरोबर त्यांचा फोटो निघाला आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी त्यांना नाव दिलं 'ब्लेअर्स बेब्ज', म्हणजे ब्लेअरच्या पोरी. पुढे मार्च २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे आणि स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन भेटल्या. देशाचं भवितव्य ठरवणारी चर्चा होती. 'डेली मेल'नं पहिल्या पानावर दोघींचा बसलेला फोटो छापून कुणाचे पाय सरस असा मथळा दिला. तिथं 'पोरी', इथं 'बहिणी'. शब्द वेगळे, पण दोन्हीकडे बाई ओळखायची ती कुणाची तरी म्हणून. २०२४ ला बारामतीत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार लोकसभेला समोरासमोर आल्या तर ती बातमी 'नणंद विरुद्ध भावजय' झाली. दोन पुरुष चुलतभाऊ भांडले तर तो 'पक्षातील संघर्ष'.

नोव्हेंबर २०२४ चा विधानसभेचा निकाल लागला तेव्हा 'लाडक्या बहिणींनी सत्ता दिली' असं जिकडेतिकडे छापून आलं. २०१९ पेक्षा बायका जास्त प्रमाणात बाहेर पडल्या हे खरं आहे. तरी त्यांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा थोडी कमीच होती. आणि २८८ आमदारांत बायका निवडून आल्या २१. २०१९ मध्ये २४ होत्या. सत्ता दिली बायकांनी, आणि सभागृहातल्या बायका कमी झाल्या! हा आकडा मथळ्यात शोधा.

निवडणुकीनंतर भाषा बदलली. २०२५ च्या जुलैत २६ लाखांहून अधिक लाभार्थी अपात्र असल्याचं सरकारनं सांगितलं, आणि 'बोगस बहिणी' हा शब्द आला. यांचे अर्ज निवडणुकीआधी तपासले कुणी, मंजूर केले कुणी, हे विचारणाऱ्या बातम्या थोड्या. मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि ज्यांना दोघंही नाहीत त्यांनी मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा कागद किंवा कोर्टाचा आदेश द्यावा असं सांगितलं.

इथं थांबा. योजनेच्या मूळ नियमात परित्यक्ता हा शब्द होता. टाकून दिलेल्या बाईकडे यातला कोणता कागद असतो? नवरा जिवंत आहे, दुसरी घेऊन राहतो आहे, घटस्फोट देत नाही, वडील वारले, त्यांचा दाखला भावाच्या कपाटात. मराठवाड्यातल्या परित्यक्तांचे प्रश्न घेऊन आपण इतकी वर्षं काम करतो आहोत, ही बाई आपल्याला तोंडपाठ आहे. पण 'मुदतवाढ, बहिणींना दिलासा' या मथळ्यात ती नव्हती. बातमी खोटी नव्हती. मंत्रालयातून आलेली टिपणी जशीच्या तशी छापली होती, एवढंच. टिपणीत जी नाही ती बातमीत कुठून येणार?

बातमी अशी का होते तेही समजून घेऊ, नाहीतर आपण बातमीदारांवर राग काढू. तालुक्याच्या बातमीदाराला पगार नावापुरता आणि जाहिरात आणायची जबाबदारी मोठी. जाहिरात देणार कोण? पुढारी, साखर कारखाना, सरकार. वाढदिवसाची पुरवणी ज्याच्या पैशावर निघते त्याला दुसऱ्या दिवशी प्रश्न कसा विचारायचा? २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिलं की एकाच नेत्याची स्तुती करणारा एकच मजकूर, शब्दही न बदलता, वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून आला होता. तेव्हापासून 'पेड न्यूज' हा शब्द आपल्याकडे रुळला. प्रेस कौन्सिलनं त्यावर समितीही नेमली.

बाई बातमीदार असेल तर तिचं आणखी वेगळं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रालयात एका महिला पत्रकारानं संभाजी भिडे यांना प्रश्न विचारला, तर आधी टिकली लाव, मग बोलतो, असं उत्तर मिळालं. पुढे दोन दिवस चर्चा टिकलीची झाली. तिनं विचारलेला प्रश्न काय होता, हे कुणाला आठवतं का?

मग आपण करायचं काय? आमच्या गटात आम्ही एक वही केली आहे. बैठकीआधी अर्धा तास एकजण बातमी मोठ्यानं वाचते. ज्यांना वाचता येत नाही त्यांचे प्रश्न बहुधा सगळ्यात धारदार असतात. बातमी वाचून झाली की चार गोष्टी विचारायच्या. एक, हे सांगतंय कोण, आणि त्याला ते आजच का सांगायचं आहे? दोन, पैसा कुणाचा, किती, आणि खर्च झाला की नुसता जाहीर झाला? तीन, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्यापैकी कुणाशी बातमीदार बोलला आहे का? चार, मागच्या वेळी याच माणसानं याच विषयावर काय म्हटलं होतं? चौथ्यासाठी कात्रणं लागतात, म्हणून वही. पुढारी विसरण्यावर जगतात, वही विसरत नाही.

उत्तर बातमीत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा; तो कुणा भावानं ओवाळणीत घातलेला नाही, लोकांनी लढून मिळवला आहे. आणि मोर्चाचं निवेदन लिहिताना नुसतं 'निषेध' लिहू नका. किती घरं, किती दिवसांनी पाणी, कोणत्या अधिकाऱ्याला कोणत्या तारखेला भेटलो, बोलणारीचं नाव काय, हे द्या. मागे एका दैनिकानं आमची बातमी 'संतप्त महिलांचा गोंधळ' अशी छापली होती. आम्ही पंधरा जणी तारखांची वही घेऊन त्यांच्या कचेरीत गेलो. दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त बातमी आली, आकड्यांसकट.

मृणाल गोरे यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' म्हटलं ते गोरेगावात पाण्यासाठी लढल्या म्हणून. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या तेव्हा वर्तमानपत्रांना तो विषय घ्यावाच लागला. १९७७ ला त्या लोकसभेत गेल्या, इंदिरा गांधी हरल्या, आणि 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' अशी घोषणा झाली. हे नाव कुणाची बहीण, कुणाची पत्नी म्हणून मिळालेलं नव्हतं. कामावरून मिळालं होतं.

आता गटचर्चेला बसताना प्रत्येक गटानं आजच्या वर्तमानपत्राचं पहिलं पान घ्यावं आणि हे चार प्रश्न लावून बघावेत. दुपारी मांडणी करू. आणि ज्या वस्तीत ई-केवायसीत अडकलेल्या परित्यक्ता आहेत, त्या कार्यकर्त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला त्यांची यादी द्यावी. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे एकत्रच जाऊ, आणि त्याची बातमी आपण स्वतः लिहून देऊ.