मोटारसायकलला पडशीचा आधार : घरच्या घरी, पण बेताने
(भूम परिसरातील दूध उत्पादकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, वाशी, कळंब या भागात पहाटे कोणत्याही फाट्यावर उभे राहा. दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटारसायकली एकामागून एक जाताना दिसतील. कोणी संकलन केंद्रावर निघालेला असतो, कोणी खव्याच्या भट्टीवर. परतताना त्याच गाडीवर पेंडीचे पोते, खताची पिशवी आणि मागे घरची माणसे. गाडी कंपनीने दोन माणसांसाठी केली. आपण तिचा बैल केला. त्यात गैर काही नाही, पण बैलाच्या पाठीवर ओझे टाकण्याची जी रीत आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती, ती गाडीच्या बाबतीत आपण विसरलो. बालाघाटाच्या डोंगरातून लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ नेत, तेव्हा आधी पाठीवर पालाण बसे आणि मग दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या गोण्या. आज मी त्या पालाणाबद्दल, म्हणजे गाडीच्या दोन्ही बाजूंना लावायच्या लोखंडी आधाराबद्दल बोलणार आहे.

माझ्या पहिल्या आधाराची गोष्ट आधी सांगतो. प्रात्यक्षिकांचे बियाणे नेण्यासाठी मी ८ मि.मी. सळईचे दोन फासे वाकवून घेतले आणि सीटखाली दोन-दोन बोल्टवर टांगले. खालचे टोक मोकळेच. वेल्डिंगवाला म्हणाला, "साहेब, खाली एक टेका द्या." मी म्हणालो, बरे दिसणार नाही. डाव्या बाजूला फासा बसेना, म्हणून साडी गार्ड काढून ठेवले. तुळजापूरच्या घाटात उतरताना डावी पिशवी सळईसकट आत दबली, पिशवीचा कोपरा आऱ्यांत गेला आणि मागचे चाक जागच्या जागी बसले. मागे माझी पत्नी होती. तिच्या गळ्याजवळचे हाड मोडले. तीन महिने तिला भरली घागर उचलता आली नाही. चूक सळईची नव्हती, माझी होती.

म्हणून पहिली गोष्ट ही की आधाराचे मुख्य काम ओझे चाकापासून दूर ठेवणे हे आहे. वजन पेलणे त्याच्या नंतर येते. आधार केला म्हणजे जास्त माल नेता येईल, हा समज मनातून काढून टाकावा. शंभर सी.सी.च्या गाडीला चालक धरून सुमारे १३० कि.ग्रॅ. भार चालतो, आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा. आता हिशेब करू. एक लिटर दूध सुमारे १.०३ कि.ग्रॅ. भरते. वीस लिटरचा भरलेला कॅन भांड्यासह साधारण २५ किलो होतो. असे दोन कॅन, ६५ किलोचा चालक आणि पाच किलोचा आधार मिळून १२० किलो झाले. इथवर ठीक आहे. तेच चाळीस लिटरचे दोन कॅन घेतले तर कॅनच शंभर किलोच्या घरात जातात आणि एकूण भार १७० वर पोहोचतो. शॉकअप बसणे, आरे तुटणे, ब्रेक न लागणे हे सारे इथून सुरू होते. अशा वेळी दोन खेपा कराव्यात.

आता लोखंड कोणते घ्यावे? सळईचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मि.मी. सळई ८ मि.मी.पेक्षा वजनाने सव्वादोन पट, पण ताठपणाला पाचपट असते. त्याहून एक चांगली युक्ती आहे. २० मि.मी. बाहेरचा व्यास आणि २ मि.मी. जाडी असलेला पाईप मीटरला सुमारे ८९० ग्रॅम भरतो. १२ मि.मी. सळईचे वजनही तेवढेच आहे. मात्र पाईप तिच्यापेक्षा साडेचार पट ताठ राहतो. तेवढ्याच किलोत एवढा फरक पडतो, म्हणून मी पाईपच घ्या म्हणतो. पाईप वाकवताना चेपू नये यासाठी त्यात वाळू ठासून भरावी. वाळू तव्यावर भाजून पूर्ण कोरडी केलेली असावी. ओली वाळू घालून दोन्ही तोंडे बंद केली आणि पाईप तापवला, तर वाफेने तो फुटू शकतो.

दुकानात जाण्याआधी घरीच खताच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना कापावा. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून तो बाजूला धरावा आणि बोल्टच्या जागा खुणावाव्यात. प्रत्येक बाजूचा आधार तीन ठिकाणी आवळला गेला पाहिजे. वरचा बोल्ट सीटच्या मागच्या हँडलजवळ, दुसरा मागे मडगार्डच्या पट्टीजवळ आणि तिसरा खाली, मागच्या फुटरेस्टच्या जागी चासीवर. मागचे चाक धरणारा जो चिमटा आहे, त्याला मात्र काहीही जोडू नये. तो खड्ड्यागणिक वर-खाली होतो आणि चासी जागेवर असते. दोघांना एकाच पाईपने बांधले तर पाईप तरी तुटेल किंवा चिमटा तरी वाकेल. डावा आणि उजवा आधार मडगार्डच्या मागून एका आडव्या पाईपने जोडावा. हा आडवा पाईप नसेल तर दोन्ही बाजू कानांसारख्या हलतात. माझ्या पहिल्या आधाराला खालचा टेका नव्हता, तसा हा पाईपही नव्हता.

ओझे जितके खाली आणि जितके पुढे, तितके बरे. मागच्या आसाच्या मागे २५ सें.मी. अंतरावर ५० किलो टांगले तर पुढच्या चाकावरचा सुमारे १० किलो भार कमी होतो. मग चढाला हँडल हलके लागते आणि गाडी वाट सोडते. त्यामुळे कॅनचा मध्य आसाच्या रेषेवर किंवा तिच्या थोडा पुढे येईल असे पाहावे. सायलेन्सरपासून किमान चार बोटे अंतर ठेवून मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा. नायलॉनची पिशवी सायलेन्सरला टेकली की वितळते. इंडिकेटर, मागचा दिवा आणि नंबर झाकले जाता कामा नयेत.

साडी गार्डबद्दल आता बोलतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ प्रमाणे मागच्या बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मे तरी चाक झाकणारी जाळी गाडीला असावी लागते. ती काढून आधार बसवू नये. आपल्याकडे बायका डावीकडे पाय सोडून बसतात. म्हणजे डावीकडे कॅन असला तर त्यांच्या पायांना जागा उरत नाही, त्या कडेला सरकतात आणि तोल जातो. यासाठी आधार बोल्टवर सुटा करावा. माणूस बसवायचे तर भार उतरवावा आणि डावा आधार काढून ठेवावा. पान्याने पाच-सात मिनिटांचे काम आहे. हा कंटाळा कृपा करून करू नका.

सुट्या आधाराला दुसरेही कारण आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. तेव्हा चासी कापू नये, तिला भोक पाडू नये, वेल्डिंगही लावू नये. आधार गाडीवरून उतरवूनच वेल्डिंग करावे. पेट्रोलच्या टाकीशेजारी ठिणग्या उडवण्याचा धोका वेगळा सांगायला नको. शिवाय २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांमध्ये इंधन सोडणारी इलेक्ट्रॉनिक पेटी असते आणि वेल्डिंगच्या प्रवाहाने ती जळू शकते.

बोल्ट ८ मि.मी.चे आणि नट नायलॉक जातीचे घ्यावेत. पाईपची तोंडे बंद करून रेड ऑक्साईडचा हात द्यावा, म्हणजे आतून गंज धरत नाही. कॅन नुसता हुकाला लटकवू नये. खाली पट्टीवर टेकवून जुन्या ट्यूबच्या पट्ट्याने आवळावा आणि पट्ट्याचे शेपूट लोंबू देऊ नये. मागच्या चाकात हवा पुस्तिकेत दोघांसाठी सांगितली आहे तितकी भरावी.

पहिल्या दिवशी दूध घालू नका. दोन्ही कॅन पाण्याने काठोकाठ भरा, कारण अर्ध्या कॅनमधले पाणी हिंदकळते आणि चाचणी फसवी होते. मागे कोणाला न बसवता गावाच्या कच्च्या रस्त्याने चार-पाच किलोमीटर सावकाश फिरा, दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहा. घरी आल्यावर प्रत्येक जोडावर खडूने रेघ मारा आणि पुन्हा तेवढेच फिरा. रेघ सरकली असेल तर तो नट ढिला आहे. चाक आणि पाईप यांच्यामधून हात सहज फिरतो का, तेही भार असतानाच पाहा. कुठे घासल्याची चमक दिसली तर आधार उतरवून पुन्हा वेल्डिंगवाल्याकडे न्या, आणि तो खाली टेका द्या म्हणाला तर द्या.