विषाणू : सजीवतेच्या उंबरठ्यावर



मी कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. विज्ञानावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी योग्यता नाही. परंतु घरात कुणाला सर्दी-पडसे झाले की कपाटात उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या देऊन मोकळे होण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. ती का सोडावी, हे कळण्यासाठी विषाणूचे स्वरूप जाणून घेतले पाहिजे.

१८९२ मध्ये रशियाच्या इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणूही अडकतील अशा सूक्ष्म गाळणीतून गाळला. तरीही त्या रसाने निरोगी रोपे आजारी पडलीच! १९३५ मध्ये अमेरिकेच्या वेंडेल स्टॅन्ली यांनी हाच विषाणू स्फटिकरूपात वेगळा केला. जो मिठासारखा बाटलीत भरून ठेवता येतो आणि पानात शिरताच वाढू लागतो, त्याला सजीव म्हणावे की निर्जीव?

माझ्या व्यवसायातील उपमा देतो. पेशी हा स्वयंपूर्ण छापखाना आहे. मजकूर तिचा, यंत्रे तिची, ऊर्जाही तीच निर्माण करते. विषाणू म्हणजे प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेले केवळ हस्तलिखित. तो अन्न घेत नाही, श्वसन करीत नाही, स्वतः दुभंगून वाढत नाही. मात्र त्याची लिपी पेशीचीच, म्हणजे जनुकांची आहे. म्हणूनच पेशी परका मजकूर आपलाच समजून छापत राहते. त्या छपाईत मुद्रणदोषही होतात आणि त्यांतून विषाणूची नवी रूपे निर्माण होतात. असे बदलत जाणे, हे सजीवांशी त्याचे दुसरे साम्य.

जिवाणू ही मात्र स्वतंत्र पेशी आहे. पेनिसिलिन तिची भित्तिका बांधू देत नाही. अन्य काही प्रतिजैविके तिची प्रथिने बनवणारी यंत्रणा बंद पाडतात. विषाणूला ना भित्तिका, ना यंत्रणा. मग औषधाने आघात करावा कशावर? छापखाना तर आपलाच! सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते. तिथे ती गोळी निरुपयोगी ठरते. उलट, शरीरातील जिवाणूंना त्या औषधाला तोंड देण्याचा सराव होतो आणि खऱ्या गरजेच्या वेळी तेच औषध हात टेकते.

विषाणूंवर विशिष्ट औषधे आहेत, पण मोजकीच. खरी ढाल लसीची. तिच्याच बळावर १९८० मध्ये देवीच्या निर्मूलनाची घोषणा झाली. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने कोरोनाचा विषाणू जिवंत पेशींमध्ये वाढवून वेगळा केला. त्यातूनच स्वदेशी कोव्हॅक्सिन साकारली.

तेव्हा मातापित्यांनो, मुलांचे लसीकरण चुकवू नका आणि वैद्याच्या सल्ल्यावाचून प्रतिजैविक देऊ नका. ही शिस्त घरातूनच सुरू व्हावी, एवढी विनंती करून मी थांबतो.